मुलाला घर पुरत नाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत राहिले. पहिलीचा वर्ग ते दरवर्षी मागून घेत, असं मला इथल्या मंडळींनी सांगितलं. ते ऐकलं आणि आजचा विषय ठरला. माझा धाकटा मुलगा जून २०२० मध्ये पहिलीत गेला. कागदोपत्री गेला, एवढंच. शाळेची घंटा, बाक, शेजारी बसणारं पोर, यातलं काहीच त्याला पहिलीत मिळालं नाही. शहरांमधले पहिलीपासूनचे वर्ग भरवायला राज्य सरकारने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. तोवर तो दुसरीत पोचला होता आणि दुसरीचंही निम्मं वर्ष सरलं होतं.

मोठी मुलगी मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा देत होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्दच झाला, आणि बाकीच्या विषयांच्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले गेले. एक लेकरू शाळेतून बाहेर पडत होतं, दुसरं आत शिरत होतं, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद झाली.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत नोकरी करते, साताऱ्यात राहते आणि दोन मुलांची आई आहे. त्या नात्यानेच बोलणार आहे.

त्या वर्षाची आठवण निघाली की पुष्कळ पालक म्हणतात, त्रास झाला, पण कुटुंब जवळ आलं. एकत्र जेवणं झाली, पत्त्यांचे डाव रंगले, वडिलांनी पहिल्यांदा पोळ्या लाटल्या. हे सगळं आमच्याकडेही झालं आणि मला ते मोलाचं वाटतं. पण पालक म्हणून त्या काळाने मला जे शिकवलं ते याच्या पलीकडचं आहे. मुलाला घर पुरत नाही. घरात कितीही माया असो, पुस्तकांचं कपाट भरलेलं असो, इंटरनेट कितीही वेगाचं असो, मूल वाढायला घराबाहेरची माणसं लागतात. एरवी ती आपोआप मिळतात, म्हणून त्यांचा हिशेब आपण कधी मांडत नाही. त्या वर्षी ती एकदम नाहीशी झाली आणि मला तो हिशेब मांडावा लागला.

टाळेबंदीत बँका चालू होत्या. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला महिलांच्या जनधन खात्यांवर सरकारने पाचशे रुपये जमा केले. असे तीन महिने ते येणार होते. एकदम झुंबड उडू नये म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून पैसे काढण्याचे दिवस ठरवून दिले होते. तरीही आमच्या शाखेबाहेर सकाळपासून रांग असायची. चुन्याने आखलेल्या गोलांत बायका उभ्या, तोंडाला पदर. कितीजणी चालत आलेल्या असायच्या, कारण एसटी बंद, वडापही बंद. कोणाचं धुणंभांडी करायचं काम सुटलेलं, कोणाचा नवरा मुंबईत अडकलेला. पाचशे रुपये हातात घेताना त्या दोनदा मोजायच्या.

संध्याकाळी घरी आले की आधी अंघोळ, मग मुलं. धाकटा दाराशी उभा राहून विचारायचा, "आज कोण कोण आलं होतं गं बँकेत?" मी त्याला त्या रांगेतल्या बायकांबद्दल सांगू लागले. एवढ्याशा पोराला हे कशाला सांगायचं, असं घरात कोणीतरी म्हणालं. पण त्याच्या लेखी तेव्हा बाहेरचं जग माझ्या सांगण्यातच उरलं होतं. घंटागाडी घेऊन येणारे दादा, घरोघर नोंदी करत फिरणाऱ्या आशाताई, औषधाचं दुकान उघडं ठेवणारे काका, यांची नावं त्याला याच काळात पाठ झाली. आपलं घर कोणाकोणाच्या कष्टावर उभं आहे, हे मुलाला लहानपणीच कळायला हवं, आणि ते घरात बसून आपोआप कळत नाही. कोणीतरी सांगावं लागतं, शक्य असेल तेव्हा नेऊन दाखवावं लागतं. हा मी शिकलेला पहिला धडा.

दुसरा धडा शाळेबद्दलचा आहे.

शाळा म्हणजे अभ्यासक्रम, आणि अभ्यासक्रम फोनवर आणता येतो, असं त्या वर्षी गृहीत धरलं गेलं. दुसरा इलाज नव्हता, हे मी मान्य करते. शिक्षकांनी जिवाचं रान केलं, हेही मान्य करते. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या उपक्रमातून रोज अभ्यास येत होता. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता, पण टीव्ही होता, अशा मुलांपर्यंत काहीतरी पोचलं. तरीही माझ्या मुलाकडे पाहताना मला दिसत होतं की त्याला अक्षरं मिळताहेत, शाळा मिळत नाहीये. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं की तो उत्तर द्यायचा. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणं त्याला माहीत नव्हतं, कारण त्याच्यापुढे दुसरं कोणी नव्हतंच. भांडण मिटवायचं कसं, डबा वाटून खायचा कसा, आपल्याला येत नाही आणि शेजारच्याला येतं हे सोसायचं कसं, यातलं काहीही पडद्यावरून येत नव्हतं. आणि मी, त्याची आई, कितीही प्रयत्न केला तरी सहा वर्षांचं दुसरं मूल होऊ शकत नव्हते.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलं त्याच वेळी दुसऱ्या अडचणीत होती. दोन मुलं, घरात फोन एकच, आणि तो मावशींबरोबर कामावर जायचा. म्हणजे धडा यायचा तेव्हा फोन घरात नाही, आणि रात्री फोन घरी यायचा तेव्हा रिचार्ज संपलेला. माझ्या मुलाला बाहेरची माणसं हवी होती, मावशींच्या मुलांना शिक्षकही हवा होता. दोघांची गरज दिसायला वेगळी होती, तिचं मूळ मात्र एकच होतं.

मार्ग काढला तो एका प्राथमिक शिक्षिकेने. निर्बंध थोडे सैल झाल्यावर त्या बाई वस्तीतल्या पिंपळाच्या पारावर चार-पाच मुलांना घेऊन बसू लागल्या. मास्क लावून, अंतर ठेवून, रोज थोडा वेळ. सकाळी करोनाच्या सर्वेक्षणाचं काम उरकून त्या तिथे यायच्या. मावशींची मुलं तिथे जाऊ लागली. माझ्या मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, याला पण तिकडे नेऊ का?" बाईंनी लगेच होकार दिला. खाजगी शाळेत नाव असलेला माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या मुलांबरोबर पारावर बसून वाचायला शिकला. तिथे तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या पाटीत डोकावला, पहिल्यांदा रुसला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून परत गेला. महिनोन्‌महिने फोनवर जे जमलं नव्हतं ते त्या पारावर जमलं.

हे फक्त आमच्या गल्लीत घडलं असं नाही. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, म्हणजे येता-जाता पोरं वाचतील. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. कोकणात, सह्याद्रीच्या कडेच्या गावांत, रेंज मिळावी म्हणून मुलं टेकडीवर जाऊन बसत होती. यात मला एक समान धागा दिसतो. चांगल्या शिक्षकांनी संधी मिळताच मुलांना घराबाहेर, एकमेकांच्या जवळ आणायचा प्रयत्न केला. शिकणं कुठे होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मुलांचं जे गेलं ते मोजण्याचेही प्रयत्न झाले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधल्या सोळा हजारांवर मुलांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र आपल्यापेक्षा फार निराळं असेल असं मला वाटत नाही. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलं गमावून बसली होती, आणि गणितातलं ८२ टक्के मुलं. 'असर' या ग्रामीण भागातल्या देशव्यापी शिक्षण-पाहणीच्या अहवालात २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हा आकडा २०.५ वर आला. पहिली-दुसरी ज्यांनी घरात काढली, त्या मुलांचा हा शेवटचा आकडा आहे. मुलं पुढचं शिकली नाहीत एवढ्यावर हे थांबलं नाही, शिकलेलं विसरली. शाळेच्या रोजच्या वहिवाटीत जे टिकतं, ते घराच्या एकांतात टिकलं नाही.

तिसरा धडा बोलायला जड आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे सासरे गेले. दवाखान्यात दाखल केलं त्या संध्याकाळनंतर मुलांना त्यांचं दर्शन झालं नाही. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, अंत्यसंस्कार झाले. घरचं एकच माणूस, तेही लांब उभं. बाकीचं सगळं नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केलं, जे ओळखीचे नव्हते, नात्याचे नव्हते. त्यांनी परक्या माणसाला शेवटचं पाणी दिलं. त्यांचं ऋण माझं कुटुंब कधी विसरणार नाही.

धाकट्याला काय सांगायचं, हा घरात प्रश्न होता. आजोबा गावाला गेलेत, देवाघरी गेलेत, झोपलेत, असं काहीतरी सांगा, असं वडीलधारी मंडळी फोनवरून सुचवत होती. त्यामागे माया होती. पण माझी मुलगी म्हणाली, "त्याला खरं सांग. नाहीतर तो वाट बघत बसेल." मी त्याला खरं सांगितलं. आजोबांना करोना झाला होता, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, त्यांचं शरीर थकलं आणि ते वारले. आता ते परत येणार नाहीत. तो रडला. मग त्याने विचारलं, "तू पण मरशील का?" मी म्हणाले, "कधीतरी सगळेच मरतात. पण मी आता काळजी घेते आहे, आणि तुझ्याजवळ आई-बाबांखेरीज ताई आहे, आत्या आहे, मामा आहे, पारावरच्या बाई आहेत." हे बोलत असताना मला जाणवलं की मुलाला धीर देण्याजोगी एकच गोष्ट माझ्या हातात आहे. मला काही होणार नाही, हे वचन मी देऊ शकत नव्हते. तुझी माणसं पुष्कळ आहेत, हे मात्र खरेपणाने सांगू शकत होते.

एरवी आपल्याकडे माणूस गेलं की घर भरतं. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते, बाया येऊन बसतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात. दहाव्याला नदीकाठी माणसं जमतात. त्या गर्दीत वावरताना मूल दुःख करायला शिकतं. रडलेली माणसं थोड्या वेळाने चहा पितात, आठवणीने हसतातही, हे ते बघतं. त्या एप्रिलमध्ये कोणी येऊ शकलं नाही. दाराला कडी आणि आत चौघं. दुःखसुद्धा घराच्या आवाक्यात मावत नाही, हे तेव्हा कळलं. निर्बंध उठल्यावर आम्ही नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, सासऱ्यांच्या बरोबरीच्या माणसांना बोलावलं आणि त्यांना आजोबांबद्दल बोलायला सांगितलं. मुलं ऐकत बसली. आजोबा तरुणपणी कसे होते, हे त्यांना त्या दिवशी समजलं. ज्यांच्या घरी त्या काळात माणूस गेलं आणि अजून कोणी बसून बोललेलं नाही, त्यांना मी सांगेन, अजूनही माणसं बोलवा. मुलांसाठी बोलवा.

श्रोतेहो, घराबाहेरच्यांसाठी पुढे होण्याच्या बाबतीत आपला जिल्हा मोठा वारसा असलेला आहे, आणि तो वारसा मला त्या वर्षात नव्याने कळला.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७ चा. मुंबईत प्लेग आला, पुण्यात पसरला, म्हणून ४ फेब्रुवारी १८९७ ला तो केला गेला. घरं तपासणं, माणसं वेगळी काढणं, यासाठी सरकारला त्याने अधिकार दिले. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्यासह त्यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली, असं सांगितलं जातं. त्यांचा जन्म नायगावचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. साथीत नियम लागतात, तपासणी लागते, विलगीकरण लागतं. हे मी नाकारत नाही. पण नियमांनी वेगळ्या काढलेल्या माणसाजवळ जाणारं कोणीतरी लागतं, आणि ते माणूस त्याच्या घरचंच असेल असं नाही.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ ला, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे संस्था साताऱ्यात आली. वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. अडचणीच्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, हे साताऱ्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितलं जातं. मी लहानपणी ही गोष्ट त्यागाची म्हणून ऐकली होती. आता मला ती पालकत्वाची गोष्ट वाटते. आपल्या मुलाला चांगली माणसं मिळावीत, तर दुसऱ्यांच्या मुलांनाही जेवू घालावं लागतं, हे त्यांनी करून दाखवलं.

आणि मे २०२० मध्ये काय झालं ते आठवा. मुंबई-पुण्यात पोट भरायला गेलेली आपली माणसं माण-खटाव, जावळी, पाटणच्या गावांत परतली. त्यांना गावात घ्यायचं की नाही, यावरून ठिकठिकाणी तणाव झाला. शेवटी त्यांची सोय कुठे झाली? जिल्हा परिषदेच्या शाळांत. वर्गखोल्यांत अंथरुणं पडली, मैदानात चुली पेटल्या. मुलांसाठी बंद असलेली इमारत गावाच्या संकटात गावाच्या कामी आली. शाळा ही गावाची सामाईक मालमत्ता आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

मग आपण, पालकांनी, पुढे काय केलं? शाळा उघडल्या, आणि आपण पुन्हा मुलाला फाटकाशी सोडून परत फिरायला लागलो. शिकवण्या वाढल्या. टाळेबंदीत हातात दिलेला फोन मुलांच्या हातात राहिला. गेलेलं भरून काढायचं म्हणून मुलाला आणखी एका खोलीत, आणखी एका पडद्यापुढे बसवलं गेलं. जी गोष्ट कमी पडली होती ती माणसं होती, आणि भरपाई आपण पडद्यांनी करतो आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि हे आपण बदलू शकतो, असंही मला तितकंच मनापासून वाटतं.

म्हणून शेवटी काही ठोस सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. हा अधिकार आपल्याला कायद्याने दिलेला आहे. पण किती ठिकाणी पालक फक्त सही करून उठतात, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर पुढच्या बैठकीला पूर्ण वेळ बसा. पहिलीतली किती मुलं वाचू लागली, हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. तुमचं मूल खाजगी शाळेत असेल, तरी जवळच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिका शाळेत जा आणि तिथल्या शिक्षकांना विचारा, आमचा काय उपयोग होईल? वाचून दाखवायला, खेळ घ्यायला, ग्रंथालयाची पेटी सांभाळायला माणसं लागतात. आणि आपल्या मुलाला बरोबर न्या.

माझा मुलगा आता मोठा झाला आहे. पारावरच्या वर्गातली दोन मुलं त्याचे आजही मित्र आहेत. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी असते. सुटीत येते तेव्हा त्या बाईंना भेटून येते. बाईंची अजून काही वर्षं नोकरी बाकी आहे, आणि त्यांच्या वर्गात या जूनमध्येही पहिलीची नवी मुलं येतील. त्यांच्यातलं एकही मूल माझ्या नात्याचं नाही. तरी त्यांना वाचता येतंय की नाही, ही माझी चौकशी असली पाहिजे, कारण माझ्या मुलाला जेव्हा घर पुरलं नाही, तेव्हा त्यांच्यासारख्याच मुलांनी त्याला जागा करून दिली होती. गुरुजींनी पहिलीचा वर्ग मागून घेतला. आपणही एकेक वर्ग मागून घेऊया, एवढीच विनंती करते आणि थांबते.